परड्यात येणारे भेकर

पावसाळा सरला, परड्यात अळसांदे, वाल आणि तांबडी भाजी वर आली, की डोंगराच्या कडेला राहणाऱ्यांना एखादी सकाळ अशी उजाडते की सगळी ओळ शेंड्यावाचून उभी दिसते. आमच्याकडे असे झाले तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या बकरीला दोष दिला. दोन दिवस दोन्ही घरांचे बोलणे बंद होते. बकरी रात्री गोठ्यात बांधलेली असते, हे आमच्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या रात्री गडग्यापलीकडून कुत्र्यासारखे, पण थांबून थांबून भुंकणे ऐकू आले, आणि सकाळी ओल्या मातीत बारीक दुभंगलेले खूर उमटलेले दिसले. भेकर! शेजाऱ्यांची क्षमा मागावी लागली.

तेव्हा आधी खूण पाहावी. सशाने खाल्लेला देठ सुरीने तिरका कापल्यासारखा दिसतो. भेकराला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे तो पाला ओढून तोडतो व देठाची कड फाटलेली राहते. डुक्कर माती उकरतो. माकड दिवसाउजेडी येते आणि खाण्यापेक्षा मोडतोड जास्त करते.

भेकर सुमारे दीड हात उंच आणि 20 ते 30 किलो वजनाचे, बहुधा एकटे फिरणारे जनावर. कोवळा पाला, कळ्या आणि गळून पडलेली फळे हे त्याचे खाणे. फाल्गुन-चैत्रात डोंगर सुकला की हिरवा पाला आणि पाणी शिंपणाऱ्या परड्यातच मिळते. स्तोत्र 42 मधील तहानलेले हरिण आपण प्रार्थनेत आठवतो. तेच रात्री आपल्या वाफ्यात उभे राहिले की आपण दांडा शोधतो!

खरा उपाय वईच. भेकर उडी मारण्यापूर्वी खालून घुसायला वाट शोधते, म्हणून गडग्याची भगदाडे व वईचा तळ आधी बुजवावा. उंची पाच-सहा फूट असावी. एवढी उंच वई परवडत नसेल तर कमरेएवढ्या दोन वया तीन-चार फुटांच्या अंतराने घालाव्यात. पलीकडे उतरायला जागा किती याचा अंदाज येत नसल्याने हरणाच्या जातीचे जनावर सहसा उडी टाळते. जुन्या साड्या बांधणेही काही दिवस उपयोगी पडते. मासेमारीचे जुने जाळे मात्र सैल सोडू नये, त्यात मोर व साप अडकतात. कायमच्या कुंपणासाठी पेडण्याच्या विभागीय कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी करावी.

वईच्या कडेला हळद, आले, गवती चहा, पानओवा लावावा. उग्र वासाची पाने भेकर शक्यतो सोडते. अळसांदे आणि रताळी घराजवळ घ्यावीत. एक अंडे लिटरभर पाण्यात फेटून, गाळून, वईवर व शोभेच्या झाडांवर फवारल्यास वासाने जनावर दूर राहते. खायच्या भाजीवर ते फवारू नये. कोणताही वास जनावराच्या सवयीचा होतो, म्हणून उपाय आलटून पालटून करावेत.

फासकी लावू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि फासकीत भेकराऐवजी आपलाच कुत्रा किंवा बिबट्या सापडला तर सोडवायला कोण जाणार? तारेत घरची वीज सोडणे तर त्याहून भयंकर. पहाटे पाणी लावायला जाणारा घरचाच माणूस त्यात सापडायचा.

आता आरोग्याची बाब. रानातली जनावरे अंगावर गोचिडी घेऊन येतात. माकडतापाचा विषाणू 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर येथे सापडला. 2015 मध्ये हा ताप सत्तरीत, तर 2016 मध्ये शेजारच्या दोडामार्गात आढळला. माणसाला तो बहुधा गोचीड चावल्याने होतो, आणि डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ, म्हणजे नेमका आपला पातेरा गोळा करण्याचा. डोंगरावर जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा आणि कानांमागे पाहावे. मुलांचे अंग आईने तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नये, नखाने चिरडू नये. त्यानंतर आठवडाभरात एकाएकी ताप, डोके व अंग ठणकणे सुरू झाल्यास आरोग्य केंद्रात जावे आणि आपण रानात गेलो होतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.