अर्कर्टचा किल्ला कोणी पाडला?

स्कॉटलंडच्या सहलीत लॉख नेस सरोवर असतेच, आणि सरोवराच्या पश्चिम काठावर, इनव्हर्नेसपासून पंचवीसेक किलोमीटरवर, अर्कर्टचा भग्न किल्लाही दिसतो. पडक्या भिंती पाहिल्या की पाहणाऱ्याच्या मनात एक कथा आपोआप तयार होते: किल्ला शूर स्कॉटिश कुळाचा, चालून आले इंग्रज, आणि तोफांनी सारे जमीनदोस्त झाले. कोणी इंग्रज सेनानी क्रॉमवेलचे नाव घेतो, कोणी 1746 च्या कलोडनच्या लढाईचे.

दोन्ही नावे चुकीची आहेत. क्रॉमवेलच्या सैन्याने 1650 च्या दशकात इनव्हर्नेसला नवा कोट बांधला, अर्कर्टमध्ये शिबंदी ठेवण्याच्या भानगडीत ते पडले नाही. आणि कलोडनची लढाई झाली तेव्हा अर्कर्ट ओस पडून अर्धशतक उलटले होते.

खरी हकिगत अशी. सातव्या जेम्सची सत्ता गेली आणि 1689 मध्ये स्कॉटलंडच्या गादीवर विल्यम आणि मेरी आले. जेम्सच्या बाजूने लढणाऱ्यांना जॅकोबाइट म्हणत, आणि हायलँडमधली कित्येक कुळे त्यांत होती. अर्कर्टचे मालक ग्रँट मात्र विल्यमच्या पक्षाचे. त्यांच्या सैनिकांनी जॅकोबाइटांचा वेढा सोसला, पण किल्ला सोडला नाही. 1690 मध्ये क्रोमडेलला जॅकोबाइटांचा पराभव झाला. पुढे 1692 मध्ये शेवटची शिबंदी बाहेर पडली, ती मुख्य दरवाजाला सुरुंग लावूनच. हेतू एवढाच की रिकामा किल्ला शत्रूच्या उपयोगी पडू नये. म्हणजे ज्यांनी तो राखला, त्यांनीच तो उडवला. त्या स्फोटात निखळलेले चिरेबंदीचे प्रचंड तुकडे आजही दरवाजापाशी जसेच्या तसे पडलेले आहेत. बाकीचे काम आसपासच्या लोकांनी केले: छपराचे शिसे आणि लाकूड लोकांनी नेले, दगडही गेले. 1715 च्या वादळात उत्तर टोकाच्या बुरुजाची दक्षिण बाजू कोसळली.

‘स्कॉटिश विरुद्ध इंग्रज’ ही मांडणी इथे तोकडी पडते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1296 मध्ये किल्ला घेतला होता, हे खरे. पण पुढे दीर्घकाळ अर्कर्टला छळले ते पश्चिमेकडच्या मॅकडोनाल्डांनी. 1545 च्या मोठ्या लुटीत त्यांनी आणि कॅमेरॉन कुळाने खोऱ्यातली गुरेढोरे तर हाकलून नेलीच, शिवाय तोफा, अंथरुणे आणि किल्ल्याचे दरवाजेसुद्धा नेले.

किल्ला मुळापासून ग्रँटांचा, हीही समजूत टिकत नाही. तेराव्या शतकात तो डरवर्ड आणि मग कॉमिन घराण्याकडे होता, पुढे राजाकडे आला. चौथ्या जेम्सने 1509 मध्ये तो जॉन ग्रँटला दिला, तोही अटी घालून: बुरुज उभारायचा, तटबंदी घालायची, दिवाणखाना, स्वयंपाकघर, भटारखाना, मद्य गाळायची जागा, कबुतरखाना, फळबाग हे सारे करायचे. आज उत्तर टोकाला दिसतो तो ग्रँट बुरुज त्यानंतरचा.

कुळागणिक वेगळ्या चौकड्यांचे टार्टन घालून हे लोक लढत, ही कल्पना तर फारच अलीकडची. राजा चौथा जॉर्ज 1822 मध्ये एडिंबरोला आला, तेव्हापासून तिला जोर चढला.

आणि लॉख नेसचा तो प्रसिद्ध जलराक्षस? सातव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅडमनानने लिहिलेल्या सेंट कोलंबाच्या चरित्रात एक प्राणी येतो खरा, पण तो नेस नदीत, सरोवरात नव्हे. त्याच चरित्रात कोलंबाने एका वृद्ध पिक्ट सरदाराला मरणाआधी बाप्तिस्मा दिल्याची हकिगत आहे, ती बहुधा याच अर्कर्टच्या खोऱ्यातली. सरोवरातल्या प्राण्याचा गाजावाजा 1933 पासूनचा. त्याच्यासाठी दुर्बीण लावून बसणारे किल्ल्याकडे पाठ करून बसतात, याची मला खंत वाटते.

रस्त्यावरून फोटो काढला की किल्ला पाहून झाला, असे समजू नका. 1913 पासून तो सरकारच्या देखरेखीखाली आहे आणि आता हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड त्याची व्यवस्था पाहते. स्वागत केंद्रात छोटी चित्रफीत दाखवतात, उत्खननात सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत. इनव्हर्नेसहून बस येते, सरोवरातून बोटीनेही येता येते. स्वागत केंद्रापासून खाली जाणारी वाट उताराची आणि बुरुजाचा जिना अरुंद आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी बेताने जावे. उन्हाळ्यात गर्दी इतकी असते की तिकीट आधीच काढलेले बरे. आणि आत गेल्यावर सगळे बुरुजाकडे धावतात, तसे करू नका. आधी दरवाजापाशी थांबून 1692 च्या स्फोटातले ते तुकडे पाहा, मगच वर चढा.