गवळाऊ बैलाचा ताप कानावरून ठरवू नका

बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या हिंगणीसारख्या गावात गवळाऊ बैलाचा कान गरम लागला की ताप आला, असं ठरवणं सोपं वाटतं. पण कान हवेप्रमाणे तापतो-निवतो; शरीराच्या आतलं तापमान गुदद्वारात धरलेला थर्मामीटरच सांगतो. निरोगी बैलाचं ते साधारण ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस असतं. नाडी शेपटीच्या मुळाशी खालून लागते, मिनिटाला ४८ ते ८४. घोड्याची जबड्याखाली, जेमतेम २८ ते ४४. त्यामुळे घोड्याचा आकडा बैलाला लावला तर धडधाकट जनावरही आजारी ठरेल! ‘वैशाखात सगळेच आकडे चढतात’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जनावर निरोगी असताना, पहाटे, जुंपण्याआधी मोजून वहीत लिहावं. जाणत्या नजरेला रवंथ थांबल्याचं आधी कळतं, हेही खरं. पण फोनवर डॉक्टरांना नजर पाठवता येत नाही, आकडा सांगता येतो.