दूरच्या संगणकाशीं संभाषण

पुण्याहून नाशिकच्या सडकेनें निघालेला प्रवासी आंबेगांव तालुक्यांतील मंचर ओलांडून जुन्नर तालुक्यांत शिरतो. तेथें नारायणगांवच्या पूर्वेस, खोडदच्या परिसरांत जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या जाळीदार थाळ्या एकंदर ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकीं १४ मध्यभागीं सुमारें एक किलोमीटरच्या चौकांत आहेत आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर अशा विखुरल्या आहेत, कीं टोकांच्या थाळ्यांमध्यें सुमारें २५ किलोमीटरांचें अंतर पडतें. प्रकाशतंतूंच्या तारांनीं त्या सर्व एका केंद्राशीं जोडल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून साकार झालेली ही दुर्बीण २००२ पासून जगांतील शास्त्रज्ञांना खुली आहे.

अशा पसाऱ्यांत मध्यरात्रीं एखादा संगणक अडून बसला, तर मोटार काढून माणूस धाडीपर्यंत निरीक्षणाची वेळ निघून जाते. आकाशस्थ पदार्थ दुरुस्तीसाठीं थांबत नाहींत. म्हणून जाणकार माणूस बसल्या जागेवरूनच त्या संगणकांत शिरतो, नोंदी वाचतो व अडलेलें काम पुन्हां सुरू करतो. प्रश्न एवढाच, कीं त्यानें कोणत्या दारानें शिरावें.

जुनें दार टेलनेटचें. त्याचा उगम १९६९ चा. त्या काळीं जाळ्यावरील संगणक बोटांवर मोजण्याइतके होते आणि ते वापरणारे बहुधा एकमेकांच्या ओळखीचे. टेलनेट प्रत्येक अक्षर जसेंच्या तसें पाठवितें, परवलीचा शब्दहि तसाच. उघड्या पोस्टकार्डावर तिजोरीचा आंकडा लिहून धाडण्यासारखाच हा प्रकार! वाटेंतल्या कोणत्याहि यंत्रावर टेहळणी करणाऱ्यास तो सहज वाचतां येतो, आणि वाचला गेल्याची खूण मागें उरत नाहीं.

हेंच फिनलंडमध्यें घडलें. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हां तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनीं १९९५ सालीं एसएसएच हें साधन रचलें. यांत दोन्ही संगणक संभाषणाच्या आरंभीं एक गुप्त किल्ली ठरवितात, पण ती किल्ली स्वतः तारेवरून कधींच जात नाहीं. हीच त्यांतील खरी नवलाची गोष्ट. ज्या गणितानें हें साधतें, तें डिफी व हेलमन यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलें होतें. पुढचें सारें बोलणें त्या किल्लीनें बंद होतें. वाटेंत कोणीं अक्षर बदललें, तर तें लागलीच उघडकीस येतें.

शिवाय पलीकडचा संगणक खरोखर तोच आहे काय, हेंहि पाहिलें जातें. प्रत्येक सर्व्हरचा स्वतःचा एक ठसा असतो. पूर्वींच्या काळीं पत्रावरील मोहोर पाहून धनी ओळखीत, तसाच. ठसा बदलला तर इशारा येतो. मात्र कामाच्या घाईंत तो न वाचतांच ‘होय’ म्हणण्याची संवय फार मोठी आहे, आणि तसें केलें तर कुलूप असूनहि दार उघडेंच राहतें.

जुन्या उपकरणांची अडचण खरी आहे. कित्येक छोट्या नियंत्रकांना टेलनेटखेरीज दुसरी भाषा येत नाहीं. तीं फेंकून द्यावीं असें नव्हे; त्यांना बाहेरच्या जाळ्यापासून तोडून एका बंदिस्त जाळ्यांत ठेवावें, त्या जाळ्याच्या तोंडाशीं एक मध्यस्थ संगणक नेमावा, त्याच्यापर्यंत एसएसएचनेंच जावें आणि मगच आंतलें बोलणें टेलनेटनें करावें. एखादें दार उघडें आहे कीं नाहीं, एवढेंच चांचपण्यासहि टेलनेट चालतें, कारण तेथें परवलीचा शब्द द्यावाच लागत नाहीं.

दुर्बिणींना असे शत्रू कोठून, असें कोणी म्हणेल. २०२२ च्या ऑक्टोबरांत चिली देशांतील आल्मा दुर्बिणीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तिचीं निरीक्षणें डिसेंबरपर्यंत बंद राहिलीं.

एसएसएचलाहि अभेद्य म्हणतां येत नाहीं. मार्च २०२४ मध्यें अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास प्रवेशाला सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यानें खोलांत जाऊन पाहिलें, तों ‘एक्सझेड’ नांवाच्या एका साहाय्यक संग्रहांत कोणीं तरी चोरवाट पेरून ठेवली होती, आणि तिचा रोख एसएसएचच्या दाराकडेच होता. त्या आवृत्त्या तत्काळ मागें घेण्यांत आल्या.