बाईचं मत, बाईच्या नावानं

पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून १८८२ साली एक पुस्तक बाहेर पडलं. पानं पन्नासेक, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुस्तकाचं नाव 'स्त्रीपुरुषतुलना' आणि लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं होतं आणि कारभार इंग्रज पाहत होते. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत ज्या वादांची धूळ उडायची, ती इकडे घाटावर पोचेपर्यंत बरीचशी खाली बसलेली असायची. अशा जागी बसून एका मराठा घरातल्या बाईनं पुण्याच्या एका पत्राला उत्तर लिहिलं, आणि तेही टोपणनावाच्या आडून नाही, स्वतःच्या पूर्ण नावानिशी.

आमच्या वरवट बकालला बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला जिल्ह्यातली तीन ठिकाणं हमखास सांगितली जातात. शेगाव, लोणार आणि जिजाऊंचं सिंदखेडराजा. त्या यादीत ताराबाई क्वचितच येतात. त्यांचं देऊळ नाही, सरोवर नाही, राजवाडा नाही. त्यांनी मागं ठेवलं ते फक्त मत. पण एखाद्या मुलखाची ओळख मतावरूनही ठरते असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. चार भाऊ आणि ही एकुलती मुलगी. मुलीला शाळेत धाडायची रीत नसताना वडिलांनी तिला घरी मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न झालं तेव्हा नवराच या घरी राहायला आला. पुढं मूलबाळ झालं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला ताराबाई सांगतात की आपण मराठ्यांच्या घरातल्या रीतिभातीत कोंडलेली बाई आहोत, तेव्हा लिहिण्यात ओबडधोबडपणा असेल. प्रत्यक्षात पान उलटावं तशी भाषेची धार वाढत जाते. घरातल्या बाईच्या तोंडचे वाक्प्रचार, म्हणी, मधूनच संस्कृत वचन, मधूनच थेट सवाल, असं ते लिहिणं आहे. ते कुणी शिकवून येत नाही.

निमित्त सुरतेकडचं होतं. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अनौरस अर्भकाला मारल्याचा आरोप शाबीत झाला आणि १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. मग अपिलात फाशीऐवजी जन्मठेप काळ्या पाण्याची आणि पुढं तीही कमी होऊन पाच वर्षं. या खटल्यावरून 'पुणेवैभव' पत्रात समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर गरळ ओकलेला मजकूर आला. विधवेनं दुसरं लग्न करायचं नाही, डोकं भादरून कोपऱ्यात बसायचं. कुणी तिला फसवलं तर तो मोकळा आणि पोट मात्र हिचं दिसणार. मग अब्रूच्या भीतीनं तिच्या हातून जे होईल त्याची शिक्षाही हिलाच. या सगळ्या साखळीतला पुरुष गेला कुठे, हा ताराबाईंचा पहिला प्रश्न. त्या काळी सुधारकही विधवेबद्दल बोलत, पण बहुतेक दयेच्या सुरात. ताराबाई दया मागत नाहीत, हिशेब मागतात.

हिशेबाची पद्धत बघण्यासारखी आहे. बाईच्या अंगी म्हणून जे दुर्गुण शास्त्र-पुराणांत, सुभाषितांत सांगितले जातात, ते एकेक करून त्या पुढं ओढतात. साहस, कपट, अविचार, मोह. मग विचारतात की हाच दुर्गुण पुरुषात नाही का? कपट म्हणाल तर लाच कोण खातो? अविचार म्हणाल तर राज्यं कुणी घालवली? बायको मेल्यावर लगोलग दुसरी करणारा आणि नवरा मेल्यावर जन्मभर अंधारात बसवली जाणारी, या दोघांत धर्म कुणी ठरवला आणि कुणाच्या सोयीनं? त्या पुराणातल्या देवादिकांनाही सोडत नाहीत. कुठल्याही एका जातीचा किंवा घराण्याचा हा प्रश्न नाही, तुलना फक्त स्त्री आणि पुरुष यांची आहे, हेही त्या बजावतात. जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्त्रियांच्या पराधीनतेवरचा ग्रंथ १८६९ चा आणि इब्सेनचं नोराचं नाटक १८७९ चं. काळ एकच होता. पण नोराची व्यथा एका पुरुष नाटककारानं मांडली. इथं बाई स्वतः बोलत होती.

मला या पुस्तकातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो तो नाटक-कादंबऱ्यांबद्दलचा, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. 'स्त्रीचरित्र', हळब्यांची 'मुक्तामाला', रिसबुडांची 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक ही त्या काळात वाचली जाणारी पुस्तकं. त्यांतून बायका जशा रंगवल्या आहेत तशा खऱ्या संसारात कुठं सापडतात, हे ताराबाई विचारतात. लेखकानं आपल्या मनातली बाई कागदावर उतरवायची, वाचणाऱ्यानं ती खरी धरायची आणि मग घरातल्या बाईकडं त्याच नजरेनं बघायचं, ही चाल त्यांनी अचूक पकडली. मराठी कादंबरीचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचं होतं. समीक्षेची परिभाषा तयार व्हायची होती. अशा वेळी बुलढाण्यातली एक वाचक गोष्टीतलं पात्र घरातल्या अनुभवावर घासून बघते आणि निकाल देते. वाङ्मयाच्या इतिहासात या पानांना मानाची जागा हवी.

ही कसोटी आजही आमच्या शिवारात जिवंत आहे. दसरा उलटला की कापसाची वेचणी सुरू होते. ओळीनं बायका, कमरेला ओटी बांधलेली, बोटं बोंडावर आणि तोंड आदल्या रात्रीच्या मालिकेवर. "एवढे दागिने घालून कोन पोया लाटते वो?" एकीचा सवाल. दुसरी म्हणते, "त्या सुनेले एकबी बाई शहाणपन कशी नाही सांगत?" तिसरीला राग वेगळाच आहे. मालिकेतल्या एकाही घरात पाणी भरायला कुणी जात नाही. खारपाणपट्ट्यातल्या बाईला हे खटकणारच, कारण तिच्या दिवसाचा मोठा भाग गोड्या पाण्याच्या मागं गेलेला असतो. हे कुणी लिहून घेत नाही, छापत नाही. संध्याकाळी कापूस काट्यावर चढतो, किलोप्रमाणे मजुरी हातात पडते आणि मत तिथंच शिवारात राहतं. नाटक-सिनेमाबद्दलचं मत द्यायला नाट्यगृह जवळ असावं लागतं असं नाही. ते मत टिकायला मात्र कागद, छापखाना आणि नऊ आणे मोजणारा वाचक लागतो.

राजकारणावरही ताराबाईंनी लिहिलं. राणीच्या राज्यात शिक्षणाचं दार उघडलं याचं त्यांना अप्रूप होतं. आज ते वाचताना अडखळायला होतं, पण ज्या घरात दार आतून बंद होतं तिथल्या बाईला बाहेरून आलेल्या उजेडाचं वाटायचं तेच वाटलं. कोटबूट घालून सभेत सुधारणेवर व्याख्यानं झोडणारे आणि घरी येऊन जुन्याच रीतीनं वागणारे विद्वान मात्र त्यांच्या तडाख्यातून सुटले नाहीत.

पुस्तकाची चेष्टा झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली आणि त्यांचा उल्लेख मुलीच्या मायेनं केला. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आढळत नाही. एवढ्या ताकदीची लेखणी एका पुस्तकावर थांबली ही मराठीची मोठी हानी आहे, आणि ती सोसलेली आहे हेसुद्धा आपल्याला नव्वदेक वर्षं कळलं नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा छापून आणलं तेव्हा कुठं ताराबाई परत आल्या. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि बुलढाण्याचं नाव जगभरच्या विद्यापीठांत गेलं.

मधल्या काळात ही वाट अगदी ओस नव्हती. आमच्या शेजारच्या खान्देशातल्या जळगावात गिरिजाबाई केळकर राहत. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'बायकांचे बंड' १९०७ चं. प्रमिलेच्या स्त्रीराज्याची कथा त्यात आहे. गिरिजाबाईंनी त्याला 'पुरुषांचे बंड' नावाचं नाटक लिहून उत्तर दिलं. नाटकाला नाटकानं उत्तर देणं हे त्या काळी किती अवघड होतं ते समजून घ्यायला हवं. रंगभूमीवर बाईचं काम पुरुष करत होते आणि बालगंधर्वांच्या पातळाची घडी बघून घरातल्या बायका आपली नेसण ठरवत होत्या. म्हणजे लिहिणारा पुरुष, लुगडं नेसणारा पुरुष, टाळ्या देणारे बहुतेक पुरुष. त्यात एका गृहिणीनं आपली संहिता पुढं केली. १९२८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायच्या हा आग्रह धरून नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेचं 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आलं ते त्यानंतर, १९३३ मध्ये.

सिनेमाच्या बाबतीत नाव घ्यायचं ते शांता आपटेंचं. 'कुंकू'मधली नीरा म्हणून १९३७ साली त्या घराघरांत पोचल्या. म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न न मानणारी ती मुलगी पडद्यावर जितकी ताठ होती, तितक्याच शांताबाई पडद्याबाहेरही. १९३९ मध्ये पगार आणि कराराच्या वादावरून त्या प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. नटीनं स्टुडिओच्या दारात उपाशी बसायचं हे कुणी ऐकलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. चित्रपटाच्या धंद्यात काम करणाऱ्या माणसांची पिळवणूक कशी होते, ते आतल्या माणसानं सांगितलेलं त्यात आहे. शांताबाईंची गाणी लोकांच्या लक्षात राहिली. पुस्तक मागं पडलं, आणि हे बाईच्या मताच्या बाबतीत वारंवार घडतं. तिचा गळा, रूप, अभिनय हे जपून ठेवलं जातं. तिनं काय म्हटलं ते आधी हरवतं.

दुर्गा भागवतांचं असं झालं नाही, कारण त्या बोलल्या तेव्हा साऱ्या देशाचं तोंड बंद होतं. १९७५ च्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरलं, दुर्गाबाई अध्यक्ष आणि आणीबाणी लागू. यशवंतराव चव्हाणांसारखे सत्तेतले नेते समोर असताना त्यांनी तुरुंगात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला प्रार्थनेला उभं केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ताराबाईंचं पुस्तक पुन्हा हाती आलं तेही याच १९७५ मध्ये. एक बुलढाण्याची घरातली बाई आणि एक एशियाटिकच्या ग्रंथालयात आयुष्य घालवलेली विदुषी. दोघींत शिक्षणाचं, काळाचं, जातीचं अंतर पुष्कळ. पण समोरच्याचं नाव घेऊन, स्वतःच्या नावानं, परिणामाची तयारी ठेवून बोलणं हे दोघींचं सारखंच.

'स्त्रीपुरुषतुलना' आज मिळायला अवघड नाही आणि वाचायला एक संध्याकाळ पुरते. आपल्या तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांनी त्याच्या निदान पाच-पाच प्रती घ्याव्यात. पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलींनी विजयालक्ष्मीच्या खटल्यापासून सुरुवात न करता नाटक-कादंबऱ्यांच्या भागापासून करावी असं मी सुचवीन. तिथं ताराबाई ओळखीच्या वाटतात. मग दुर्गुणांच्या तुलनेकडं जावं, आणि शेवटी प्रस्तावना वाचावी. वेचणीच्या दिवसांत वाचन ठेवलं तर ते शिवारातच ठेवावं, दुपारच्या भाकरीच्या वेळी. एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांना मधेच थांबवायची मुभा असावी, आणि ज्या ठिकाणी थांबवलं तिथं कुणी काय म्हटलं ते म्हणणारीच्या नावासकट वहीत उतरवून घ्यावं.