शिशाच्या पलटणी आणि निनावी झुलू

नाणी किंवा टपालाची तिकिटे जमवणाऱ्याकडे समाज कौतुकाने पाहतो. खेळणी जमवणाऱ्या प्रौढ माणसाकडे पाहताना त्या कौतुकात थोडी थट्टा मिसळते. इंग्लंड-अमेरिकेत शिशाचे जुने सैनिक जमवणाऱ्यांचा एक निष्ठावंत वर्ग आहे, आणि त्यातील अनेकांना १८७९ च्या इंग्रज-झुलू युद्धाचे विशेष आकर्षण आहे. लाल डगल्यातील गोरे शिपाई आणि ढाल-भाले घेतलेले झुलू योद्धे काचेच्या कपाटात समोरासमोर उभे करण्यासाठी ही मंडळी वर्षानुवर्षे लिलाव धुंडाळतात. हा पोरखेळ म्हणून सोडून देणे सोपे आहे. तथापि एका साम्राज्याने आपल्या मुलांच्या हाती जी खेळणी दिली, त्यांत त्या साम्राज्याच्या मनाचा आराखडा उमटलेला असतो. आणि सरकारी दप्तरांतील मजकुरापेक्षा तो पुष्कळदा अधिक प्रांजळ असतो.

हा धंदा मुळात जर्मनांचा. न्यूरेंबर्गचे कथलाचे चपटे सैनिक आणि ड्रेस्डेनच्या हाइडे यांचे भरीव सैनिक युरोपभर विकले जात. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची युक्ती काढली आणि ही मक्तेदारी मोडली. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की आतला पातळ रस लगेच बाहेर काढायचा, एवढीच ती युक्ती. तिने सैनिक हलका झाला, धातू वाचला, किंमत उतरली. आठ शिपायांचे किंवा पाच घोडेस्वारांचे खोके एका शिलिंगला मिळू लागले. सुमारे ५४ मिलिमीटर उंचीचे हे शिपाई स्त्रिया घरी नेऊन हाताने रंगवीत. खोक्यावर पलटणीचे नाव छापलेले असे आणि डगल्याचा, कॉलरचा, टोपीवरील तुऱ्याचा रंग त्या पलटणीच्या गणवेशाशी ताडून दिलेला असे. इंग्लंडच्या मुलांना आपली फौज अशी नावानिशी पाठ होई.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच कारखान्याने १४७ क्रमांकाचे खोके बाजारात आणले. त्यावर ‘झुलूज ऑफ आफ्रिका’ एवढीच अक्षरे होती. आत धावत अंगावर येणारे काळे योद्धे होते. त्यांची पलटण कोणती, याचा उल्लेख नव्हता. इंग्रज शिपायाच्या कॉलरचा रंग चुकू नये म्हणून जागरूक असणाऱ्या कारखान्याला झुलूंच्या बाबतीत खंडाचे नाव पुरेसे वाटले.

वस्तुस्थिती अशी की झुलूंच्या फौजेला नावांची मुळीच वाण नव्हती. एका वयाच्या तरुणांची एक पलटण बांधायची आणि तिला नाव द्यायचे, ही त्यांची रीत होती. उम्बोनाम्बी, इन्गोबामाखोसी, उखांडेम्पेम्वू ही त्यांतील काही नावे. ढाली गुरांच्या कातड्याच्या असत. त्या राजाच्या मालकीच्या मानल्या जात आणि राजाच्या कोठारांतून दिल्या जात. ढालीच्या रंगावरून पलटण ओळखता येई. सर्वसाधारणपणे तरुणांच्या ढाली काळपट, तर विवाहित प्रौढांच्या पांढऱ्या असत. लढाईची रचना बैलाच्या आकाराची: मधली ‘छाती’ शत्रूला झुंजवत ठेवी आणि दोन्ही बाजूंची ‘शिंगे’ त्याला वेढा घालीत. ज्यांना खोक्यात केवळ रानटी जमाव म्हणून बसवले गेले, त्यांच्यापाशी गणवेश होता, पलटणी होत्या आणि व्यूहही होता.

ज्या युद्धातून ही खेळणी निपजली त्याचा प्रमुख कर्ता महाराष्ट्राला परका नाही. १८४८ मध्ये छत्रपतींच्या निधनानंतर सातारचे राज्य खालसा झाले, तेव्हा तेथे रेसिडेंट असलेले आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रिअर पुढे दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर झाले. मुंबईच्या किल्ल्याचे तट त्यांच्याच कारकिर्दीत पाडले गेले. दक्षिण आफ्रिकेतील राज्ये एका छत्राखाली आणण्याच्या योजनेत त्यांना स्वतंत्र झुलू राज्य हा अडथळा वाटला. ११ डिसेंबर १८७८ रोजी झुलूंच्या प्रतिनिधींपुढे त्यांनी निर्वाणीच्या अटी ठेवल्या. फौजेची सारी व्यवस्था मोडून टाकावी, ही त्यांतील मुख्य अट. मुदत तीस दिवसांची. कोणत्याही स्वाभिमानी राजाला ती मान्य होणे शक्य नव्हते. लंडनच्या सरकारला त्या वेळी हे युद्ध नको होते. पण सरकारचा स्पष्ट नकार पोहोचण्याआधीच फौजा सरहद्द ओलांडून गेल्या.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवानाच्या डोंगरापाशी सुमारे वीस हजार झुलूंनी इंग्रजांची छावणी उद्ध्वस्त केली. छावणीत सतराशे-अठराशे माणसे होती. त्यांतील तेराशेंहून अधिक मारली गेली. मृतांत इंग्रजांच्या बाजूने लढणारे चारशेंहून अधिक आफ्रिकी होते, हे तांबड्या आणि काळ्या रंगांत विभागलेल्या कपाटावरून कधी उमगत नाही. झुलूंचीही निदान हजार माणसे पडली. त्याच दिवशी रॉर्क्स ड्रिफ्ट येथील ठाण्यात सुमारे दीडशे इंग्रज शिपायांनी रात्रभर तग धरला आणि त्यांतील अकरा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. पण मोठा पराभव झाकण्यासाठी त्या छोट्या यशाचा गवगवा साम्राज्याला सोयीचा होता, हेही तितकेच खरे. ४ जुलैला उलुंडीची राजधानी जाळली गेली, ऑगस्टमध्ये राजा सेटेवायो कैद झाला, आणि झुलूंचे स्वातंत्र्य संपले.

याच कारखान्याने मुंबईच्या पलटणींचेही सैनिक काढले होते. ‘बॉम्बे लान्सर्स’ आणि ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ यांची खोकी आजही संग्राहकांत मानाची आहेत. हिंदी शिपायाला खोक्यावर नाव मिळाले, झुलूला मिळाले नाही. याचे कारण उघड आहे. हिंदी शिपाई साम्राज्यासाठी लढत होता, झुलू साम्राज्याशी लढला होता. नावाची किंमत चाकरी ही होती. हे उमगले म्हणजे आपल्या नावाच्या खोक्याचा अभिमान वाटण्यापूर्वी क्षणभर थांबावेसे वाटते. १९०६ मध्ये नाताळात डोईपट्टीवरून बंबाथा याचे बंड झाले, तेव्हा गांधीजी हिंदी लोकांचे छोटे शुश्रूषापथक घेऊन तेथे गेले. जखमी झुलूंची सेवा करायला गोरे तयार नव्हते. ती या पथकाच्या वाट्याला आली. त्यांतील पुष्कळांच्या जखमा लढाईच्या नसून फटक्यांच्या होत्या, असे गांधीजींनी नमूद केले आहे. लंडनच्या दुकानांतील झुलू सदैव हल्ला करीत धावत होता. नाताळातील झुलू पाठीवरचे वळ घेऊन पडला होता.

अशी खेळणी जपावीत कशाला, असा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. खेळण्याचा मनावर परिणाम होत नाही असे म्हणता येणार नाही. लहानपणी सुमारे दीड हजार सैनिक बाळगणाऱ्या विन्स्टन चर्चिल यांनी, या खेळण्यांनी आपल्या आयुष्याला वळण दिले, असे स्वतःच लिहून ठेवले आहे. उलट एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांच्या लढायांचे नियम रचले, ते खरे युद्ध किती आंधळे आणि अवाढव्य असते हे कळावे म्हणून, असे सांगितले. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. खेळण्याने माणूस शहाणा होतो की युद्धखोर, हे खेळण्यापेक्षा त्यासोबत काय सांगितले जाते यावर अवलंबून असते.

या बाबतीत संग्राहकांची स्वतःची शिस्त उद्बोधक आहे. जुन्या सैनिकावर नवा रंग चढवला की त्याचे मोल घसरते, हा त्यांचा पहिला नियम. रंगाचे टवके उडालेला, मूळ खोक्यातील सैनिक नव्याने चकचकीत केलेल्यापेक्षा श्रेष्ठ. दुसरा नियम हवेचा. ओकच्या लाकडाच्या बंद कपाटात आम्ल वाफा साठतात, शिशावर करडी भुकटी धरते आणि सैनिक आतून खचत जातो. म्हणून कपाट बाहेरून देखणे असून भागत नाही. १९६६ मध्ये ब्रिटन कंपनीने शिशाचे सैनिक काढणे थांबवल्यापासून जे उरले आहेत ते जपण्याची जबाबदारी या मंडळींवरच आहे.

हे दोन्ही नियम इतिहासालाही लागू पडतात. लाज वाटते म्हणून १४७ क्रमांकाचे खोके फेकून देणे किंवा त्यावरची अक्षरे खरवडणे, म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. पण बंद कपाटात, केवळ शौर्याच्या आठवणींच्या कोंदट हवेत ते ठेवणे हेही तितकेच घातक. अलीकडच्या काळात याच परंपरेतील कारागीर उम्बोनाम्बीसारखी नावे देऊन, ढालींचे रंग अभ्यासून नवे झुलू सैनिक घडवू लागले आहेत. चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेली इंग्रजांची शिरस्त्राणेही त्यांच्या हातून खरी उतरू लागली आहेत. हा बदल साम्राज्य लयाला गेल्यावर, संशोधक आणि चोखंदळ संग्राहक यांच्या आग्रहातून झाला.

जुन्या खोक्याची किंमत त्यावरच्या छापील चिठ्ठीने वाढते, हे प्रत्येक संग्राहक जाणतो. त्या चिठ्ठीवर कोणते नाव छापायचे राहून गेले, हेही ज्याला ठाऊक आहे, त्याच्या कपाटातील झुलू मात्र निनावी राहत नाही.