लॅटिन भाषेंतील निग्रहवाचक शब्द

‘संयम’ आणि ‘दमन’ या शब्दांची मराठींत सहसा कोणी गल्लत करीत नाहीं. संयम मनुष्य आपण होऊन पाळतो. दमन त्याच्यावर लादलें जातें. प्राचीन रोमन लोकांस हा भेद कळत नव्हता असें नव्हे; परंतु त्यांचे लॅटिन शब्द मात्र दोन्ही बाजूंस सारख्याच मोकळेपणानें वावरत असत.

यांतील बरेच शब्द तबेल्यांतून आणि मळ्यांतून आले. ‘फ्रेनुम्’ म्हणजे घोड्याचा लगाम. त्यावरून ‘रेफ्रेनारे’, लगाम खेंचून आवरणें. (मराठींतील ‘लगाम’ फारसीकडून आला, हें जातां जातां सांगण्यास हरकत नाहीं.) माणसाळविणें या अर्थाचा ‘दोमारे’ तर संस्कृतांतील ‘दम्’ धातूचा सख्खा भाऊ. ‘रेप्रिमेरे’ म्हणजे मागें दाबणें. इंग्रजींतील ‘रिप्रेशन’ हें त्याचेंच अपत्य. ‘स्त्रिंगेरे’ची तऱ्हा न्यारी. त्याचा अर्थ आवळणें. पण तलवारीच्या संगतींत तोच धातु ती म्यानांतून उपसणें असा अर्थ देतो! ग्रीकांच्या ‘सोफ्रोसिनी’ या सद्गुणास प्रतिशब्द शोधतांना सिसेरोचें एका शब्दानें भागेना. त्यानें सुचविलेल्या शब्दांपैकीं ‘तेम्पेरान्तिआ’ हा योग्य प्रमाणांत मिसळणें या अर्थाच्या क्रियापदापासून झाला आहे. त्यांत दडपण मुळींच नाहीं.

सर्वांत विचार करावयास लावणारा शब्द ‘कोएर्केरे’. त्याच्या पोटांत कोंडणें, अडविणें हा भाव आहे. इ. स. पूर्वीं ४४ मध्यें लिहिलेल्या वार्धक्यावरील संवादांत सिसेरोनें तो द्राक्षाच्या वेलीस लाविला. वेल वाटेल तशी पसरूं लागली कीं शेतकरी सुरीनें छाटून तिला आवरतो. ही छाटणी वेलीच्याच हिताची, हें उघड आहे.

परंतु याच शब्दापासून ‘कोएर्किटिओ’ हें नाम झालें. आज्ञा मोडणाऱ्या माणसास रीतसर खटल्याशिवाय दंड करण्याचा किंवा कोठडींत टाकण्याचा रोमन अधिकाऱ्याचा जो अधिकार, त्याचें हें नांव. नागरिकाचे प्राण घेण्यापर्यंत मात्र त्याची मजल जाऊं नये, म्हणून लोकसभेकडे दाद मागण्याचा हक्क ठेवलेला होता. इ. स. पूर्वीं ६३ च्या ५ डिसेंबर रोजीं कॉन्सल असलेल्या सिसेरोनें सेनेटच्या संमतीनें कातिलिनाच्या कटांतील पांच जणांस खटल्यावांचून तुरुंगांत ठार करविलें. राष्ट्र वांचविलें, असें तो जन्मभर सांगत राहिला. त्याच्या विरोधकांस ही छाटणी वाटली नाहीं. इ. स. पूर्वीं ५८ मध्यें ट्रिब्यून क्लोदिउसनें, चौकशीवांचून नागरिकास मारणाऱ्यास बहिष्कृत करणारा कायदा आणला. सिसेरोस रोम सोडावें लागलें. त्याचें घर पाडण्यांत आलें. दुसऱ्या वर्षीं तो परतला. पुढें वेलीचा तो दाखला लिहिल्यानंतरच्या वर्षीं, इ. स. पूर्वीं ४३ च्या ७ डिसेंबर रोजीं, सत्ताधाऱ्यांच्या यादींत नांव आल्यामुळें खटल्यावांचून त्याचाही शिरच्छेद झाला.