हुकूम दूरचा, कळ जाग्यावरची

विजेची कळ दुरून फिरविता येणे हे आज शहरातील सुखवस्तू घराचे भूषण समजले जाते. कचेरीतून निघता निघता घरचे वातानुकूलन यंत्र सुरू करावे, परगावी पोहोचल्यावर आठवण झाली तर तेथूनच गीझर बंद करावा, असे तिचे रूप जाहिरातींनी आपल्या मनावर ठसविले आहे. परंतु महाराष्ट्रात या विद्येची खरी निकड ज्याला भासली तो सदनिकेत राहणारा गृहस्थ नव्हता. तो होता विहिरीवर बसविलेल्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीचा धनी. शेतीच्या वाहिनीला पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री आठ-दहा तास थ्री फेज वीज मिळावयाची; रात्रीची पाळी आली की हाती बॅटरी घेऊन उसाच्या कडेकडेने, सापकिरडाचे आणि जुन्नर-आंबेगावकडे तर बिबट्याचेही भय बाळगीत विहीर गाठावयाची, आणि तेथे पोहोचावे तो लाईट गेलेली असावयाची; हा ज्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ, त्यांना घरबसल्या मोटार चालू करण्याची कल्पना चैनीची वाटणे शक्यच नव्हते. प्रस्तुत आढाव्यात म्हणूनच मी या विद्येकडे दिवाणखान्यातून न पाहता त्या विहिरीवरून पाहणार आहे.

दुरून कळ फिरविण्याचे मूळ तत्त्व इंटरनेटच्या पुष्कळ आधीचे आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टन येथे जी युक्ती योजिली, तीत लांबलचक तारेतून थकून आलेला अशक्त प्रवाह एका विद्युच्चुंबकाला जागवी आणि तो चुंबक दुसऱ्या, सशक्त मंडलाची कळ ओढी. हाच रिले. पुढे १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्-लहरी धाडून दूरवरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली, तर १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी संदेशांनी एक छोटी नौका चालवून प्रेक्षकांना चकित केले. विसाव्या शतकात फ्रान्स, जर्मनी, न्यूझीलंड आदी देशांत वीजपुरवठ्याच्या तारांवरच निराळ्या कंपनसंख्येचा संकेत चढवून हजारो घरांतील पाणी तापविण्याची यंत्रे एकदम बंद-चालू करण्याची पद्धत रूढ झाली, आणि १९७५ साली स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने एक्स-१० ही पद्धती निर्माण करून तोच प्रकार एका घराच्या वायरिंगपुरता सुटसुटीत केला.

इंटरनेटवरून विजेचे उपकरण चालविण्याचा जो प्रयोग इतिहासात नमूद आहे, तो पाव भाजण्याच्या यंत्राचा. १९९० साली इंटरॉप या प्रदर्शनात जॉन रॉम्की याने आपल्या सहकाऱ्याच्या मदतीने टोस्टर संगणकजालाला जोडून दाखविला. दूरच्या संगणकावरून हुकूम सुटे, प्रवाह सुरू होई, आणि प्रवाह किती वेळ ठेवावयाचा यावर पाव किती भाजावयाचा हे ठरे. पाव मात्र हाताने घालावा लागे, आणि त्यासाठी पुढल्या वर्षी एका लहानशा यांत्रिक हाताची तजवीज करावी लागली. त्याच १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत नेमका उलट्या बाजूचा प्रयोग चालू होता. तेथील मंडळींनी ट्रोजन रूम या खोलीतील कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखून ठेविला, हेतू एवढाच की जिने चढून यावे आणि भांडे रिकामे आढळावे असे होऊ नये. या कॅमेऱ्याला कोणताही हुकूम देता येत नसे. तो केवळ वृत्तान्त कळवी. १९९३ साली त्याचे चित्र जगाला पाहता येऊ लागले आणि २००१ साली तो बंद करण्यात आला.

हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या विद्येची दोन अंगे स्वच्छ दिसतात. टोस्टरने हुकूम नेला, कॉफीच्या भांड्याने खबर आणिली. माझ्या मते दूरनियंत्रणाची खरी कसोटी पहिल्या अंगात नसून दुसऱ्यात आहे; कारण हुकूम रवाना करणे ही तुलनेने सोपी गोष्ट आहे, तो हुकूम अमलात आला की नाही याची विश्वसनीय रुजुवात परत मिळणे ही कठीण.

आजच्या यंत्रणेची घडण पाहिली तरी हेच प्रत्ययास येते. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी उपग्रहामार्फत तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी एमक्यूटीटी या नावाचा संदेशवहनाचा संकेत रचिला; २०१४ साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही वायफायसह येणारी अत्यंत स्वस्त चकती (चिप) बाजारात आली, आणि मग या दोहोंच्या संयोगाने विजेची कळ इंटरनेटला जोडणे हे महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आले. घरातील कळ राउटरच्या आड असल्यामुळे बाहेरून तिच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. म्हणून ती स्वतःच मध्यस्थ सर्व्हरशी संधान बांधून त्याच्या दारात तिष्ठत राहते, मोबाईलवरून आलेला हुकूम तो सर्व्हर तिच्या हवाली करतो, आणि चकती रिलेला जागवते. एमक्यूटीटीच्या संकेतात एक मोठी विचारी योजना आहे: उपकरण जोडले जातानाच मध्यस्थापाशी आपले एक प्रकारचे मृत्युपत्र ठेवून देते, आणि संधान अचानक तुटले तर मध्यस्थ ते सर्वांना जाहीर करतो. आपण नाहीसे झालो ही वार्तादेखील मागे राहिलेल्यांना मिळाली पाहिजे, इतका खोल विचार तेलवाहिनीच्या निर्मनुष्य मुलुखात काम करणाऱ्यांनाच सुचू शकला असता.

आपल्या विहिरीवर मात्र वायफाय कोठले? तेथे उपयोगी पडला तो साधा मोबाईल. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या वृद्ध आजोबांची पंपासाठी होणारी पायपीट पाहून या प्रश्नाचा ध्यास घेतला आणि त्यातून 'नॅनो गणेश' हे साधन उभे राहिले, ज्याला २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. स्टार्टरच्या पेटीत मोबाईलचे सिमकार्ड असलेला यंत्रसंच बसवावयाचा, त्याला फोन करून विशिष्ट आकडा दाबला की मोटार सुरू, दुसरा दाबला की बंद. काही संचांत तर केवळ मिस्ड कॉलवर काम भागते आणि त्या कॉलला एका पैशाचाही खर्च येत नाही. आता यातील अनेक संच इंटरनेटवरूनही चालतात. पण शेतकऱ्याने यात जे मोलाचे मानले ते आकडा दाबणे नव्हे; लाईट आहे की नाही, तिन्ही फेज आहेत की एक उडाला आहे, मोटार खरोखर प्रवाह ओढीत आहे की नुसताच रिले वाजला, विहिरीत पाणी आहे की पंप कोरडा फिरतो आहे, एवढे सारे गावातल्या ओट्यावर बसून कळणे, हे त्याचे मोल. सिंगल फेजिंग झाले आणि कळले नाही, तर मोटार जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च व पाण्यावाचून गेलेली पाळी हे दोन्ही भार पिकाच्याच माथी बसतात.

येथेच एका सरसकट वापरल्या जाणाऱ्या साधनाविषयी स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. वीज आली की आपोआप मोटार सुरू करणारा 'ऑटो स्विच' हा दूरनियंत्रणाचा गरीब नातेवाईक होय. त्याला ना हुकमाची गरज, ना वृत्तान्ताची पर्वा. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. आणि एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच रोहित्रावरच्या, पंधरा-वीस मोटारी वीज येताच एकाच क्षणी ताठ उभ्या राहू पाहतात, तेव्हा दाब कोसळतो, फ्यूज उडतात आणि पुष्कळदा रोहित्रच जळून सगळा शिवार आठ-आठ दिवस अंधारात राहतो. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते ते याचसाठी. ज्याच्या हाती हुकूम आहे अशा माणसाने आपली मोटार दोन मिनिटे उशिरा सुरू केली, तर तेवढ्यानेही शेजाऱ्याची डीपी वाचते. २०१७ पासून राबविल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळू लागली म्हणजे रात्रीची पायपीट टळेल हे खरेच. परंतु वस्ती आणि विहीर यांमधील अंतर त्यामुळे मिटणार नाही, आणि तोवर या साधनांचे प्रयोजनही संपणार नाही.

दूरनियंत्रणाच्या दुसऱ्या, भयप्रद बाजूचे सर्वांत बोधप्रद उदाहरण युक्रेनमध्ये घडले. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील तीन वीजवितरण कंपन्यांच्या नियंत्रणकक्षांत संगणकावरचा बाण आपोआप हलू लागला, आणि अधिकारी पाहत असतानाच उपकेंद्रांतील ब्रेकर एकामागून एक उघडू लागले. महिनोन्‌महिने आत शिरून बसलेल्या घुसखोरांनी अधिकाऱ्यांचीच मुखत्यारी वापरून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज भर हिवाळ्यात तोडली. इतकेच करून ते थांबले नाहीत. दूरचे हुकूम पुन्हा चालू नयेत म्हणून उपकेंद्रांतील संदेशवाहक उपकरणांची अंतर्गत आज्ञावलीच त्यांनी नासविली आणि तक्रारीचे फोन लागू नयेत अशीही व्यवस्था केली. तरीही काही तासांत वीज परत आली, याचे कारण असे की त्या उपकेंद्रांत हाताने ओढावयाच्या कळा शाबूत होत्या आणि त्या कशा ओढावयाच्या हे जाणणारी माणसे नोकरीत होती. ती गाड्या घेऊन निघाली आणि त्यांनी एकेक ब्रेकर हाताने मिटविला. यापेक्षा अधिक अद्ययावत, म्हणजे हाताची कळच काढून टाकलेली यंत्रणा तेथे असती, तर त्या रात्री किती घरे गारठली असती याचा अंदाज वाचकांनीच करावा.

घरगुती साधनांची कथा लहान असली तरी जातकुळी तीच. २०१६ साली 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लक्षावधी कॅमेरे व तत्सम उपकरणे ताब्यात घेतली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांच्या फौजेनिशी अमेरिकेतील अनेक प्रमुख संकेतस्थळे काही काळ ठप्प केली. त्याच वर्षी 'रिव्हॉल्व्ह' या गृहनियंत्रकाची सेवा मालक कंपनीने बंद केली, तर २०२२ साली 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर एके दिवशी पूर्वसूचनेविना बंद पडले. दोन्ही वेळी धडधाकट यंत्रे ग्राहकांच्या घरात निकामी होऊन बसली. पैसे मोजून घेतलेल्या कळीचा अंमल परक्याच्या दप्तरी राहावा ही स्थिती मला अन्यायाची वाटते, आणि इंटरनेट तुटल्यावर घरातल्या घरात जे चालत नाही ते उपकरण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाळी सरली की रब्बीच्या पाळ्या सुरू होतील, आणि कित्येक जण या हंगामात मोबाईल स्टार्टर बसवतील. त्यांना एवढीच विनंती. मोटार खरोखर प्रवाह घेते की नाही हे उलट कळविणाराच संच घ्यावा. वीज आल्यावर काही मिनिटांच्या विलंबाने सुरू होण्याची सोय त्यात असल्यास ती वापरावी, आणि शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाचा विलंब निराळा ठेवावा. पेटीवर दूरचा हुकूम तोडून टाकणारी हाताची कळ असलीच पाहिजे. आणि पंप दुरुस्त करण्यासाठी कोणी विहिरीत उतरणार असेल, तर घरच्या मोबाईलवर 'बंद' दिसते एवढ्यावर कोणीही विसंबू नये. मेन स्विच पाडावा, तिन्ही फ्यूज काढून उतरणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत, आणि मगच खाली उतरावे.